सकाळचं माप

८ फेब्रुवारी

धाकटे,

पत्राच्या सुरुवातीला थोरल्या बहिणीनं आशीर्वाद लिहायचे असतात. ते लिहिले आहेत असं समज, माझा हात आज तिकडे वळत नाही.

सोबत आईच्या गुडघ्याचा तक्ता आहे. सांधा बदलून आज चार आठवडे झाले. उजवा गुडघा अडुसष्ट अंश वाकतो. जखम कोरडी, सूज बेताची. तू आईकरवी निरोप पाठवलास, "ताईला म्हणावं दर पंधरा दिवसांनी लेखी पाठव, आणि पट्टीनं मोज, नजरेनं नको." मला हसू आलं. कोन मोजायची ती प्लास्टिकची पट्टी कशी धरायची, तिचा खिळा गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला नेमका कुठे टेकवायचा, हे तुला कुणी शिकवलं? परीक्षेच्या आदल्या दिवशी माझाच गुडघा शंभर वेळा मोजला होतास. आता मला शिकव.

आपण तीन वर्षं फोनवर बोललेलो नाही आणि मेसेज केला तर तू वाचून गप्प बसतेस, म्हणून हे कागद. कागदाला निदान उत्तर द्यावं लागतं.

आई बरी आहे. रोज आठ वाजता तू फोनच्या चौकटीत उगवतेस, त्यासाठी ती साडेसातपासून तयार असते. केस विंचरते, धुतलेला गाऊन घालते, चष्मा पुसते. तू म्हणालीस, "आई, टाच मागे सरकव, अजून, अजून थोडी, शाब्बास," की दातओठ खाऊन सरकवते. तेच मी सांगितलं तर, "नको गं आज, तुझा हात फार जड आहे." पंचवीस वर्षं लोकांचे सांधे मोकळे करणारा हात, तो घरात जड. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

काल जेवताना तिनं जाहीर केलं, की गुडघा नव्वदच्या पुढे वाकला आणि जिना चढता आला की ती तुझ्याकडे राहायला येणार. "धाकटीच्या इमारतीला लिफ्ट नाही ना. तिसरा मजला. एक्कावन्न पायऱ्या आहेत, तिनं मोजून सांगितल्या." किती दिवस, असं विचारलं तर म्हणाली, "बघू की. रमले तर राहीन."

मी पाणी आणायला उठले. पाणी टेबलावरच होतं.

तुझं घर मी पाहिलेलं नाही. तुझ्या पायऱ्यांचा आकडा मला आईकडून कळतो. असो.

ताई


२२ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं उत्तर मिळालं. साडेतीन ओळी. "व्हिडिओवर मला गुडघा याहून जास्त वाकलेला दिसतो. पण माप तू घेतलंयस म्हणजे बरोबरच असणार. शेक दिल्यावर मोजतेस ना?"

फोन ती उशीला टेकवून ठेवते, तो वाकडा असतो, त्यात तुला सरळ रस्ताही वळलेला दिसेल. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटलं की असंच व्हायचं. आणि मापाचा नियम तू मला विचारतेस? दर वेळी तीच वेळ, तीच स्थिती, मोजणारं माणूसही तेच. हा नियम मी काटेकोर पाळते, त्यात कुणी बोट दाखवू शकणार नाही.

आजचं माप पंचाहत्तर. सहा आठवड्यांना हे कमीच आहे. पण म्हाताऱ्या गुडघ्याला घाई करून चालत नाही, हे मी आईलाही सांगितलं. ती हिरमुसली. रात्री जेवली नीट.

क्लिनिकचं विचारलं नाहीस, तरी सांगते. घराच्या पुढच्या दोन खोल्या तशाच आहेत. तुझ्या कोपऱ्यात मी आता कमरेला ताण द्यायचं मशीन ठेवलंय. गेल्या आठवड्यात ते निवृत्त टपालवाले आले, कंबर धरून. मला बघून खूश होतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी पडद्यामागे डोकावून पाहिलं आणि विचारलं, "धाकट्या मॅडम नसतात का आता?" मग म्हणाले, "त्यांनी दिलेले तीन व्यायाम रोज करतो हो. म्हणून तर तीन वर्षं तुमच्याकडे यायची वेळ आली नाही. या वेळी पाण्याची टाकी उचलली, माझीच चूक." मी त्यांना पालथं झोपवलं आणि कंबर दाबली. अंमळ जोरातच दाबली.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, हे तुला कळलंच असेल. तीन वर्षांपूर्वी तू चार पेशंटांच्या देखत करंटच्या मशीनचं बटण बंद केलं होतंस. "ताई, ही माणसं बरी होत नाहीत, त्यांना तुझी सवय लागते. त्यांना उठव, चालायला लाव, घरी पाठव." चार पेशंट, आणि पाचवी आई, चहाचा ट्रे घेऊन दारात. तिनं तेव्हा माझी बाजू घेतली नाही. तुझीही घेतली नाही म्हणा. पण तू महिन्याभरात सामान बांधलंस तेव्हा तुझी पुस्तकं तिनं एकेक करून कागदात गुंडाळली. मी क्लिनिक काढायला इथे आले तेव्हा माझी पुस्तकं मीच गुंडाळली होती.

एक सांगू? माझ्याकडे येणाऱ्यांतल्या निम्म्यांना आठवडाभरात दुसऱ्या कुणाचा हातसुद्धा लागत नाही. मुलं लांब, नवरा-बायको आपापल्या फोनमध्ये. मी खांद्यावर हात ठेवला की डोळे मिटतात. ते तुझ्या चौकटीतून होणार आहे का? नुसतं बोलून माणसं बरी करायची, तुझं बरं आहे. तुझे अंगठे अजून शाबूत असतील. माझ्या अंगठ्यांना तसं काही झालेलं नाही, आपलं सहज लिहिलं.

ताई


९ मार्च

काल आठ आठवडे झाले. आईला सर्जनकडे नेलं होतं.

गुडघा एक्क्याऐंशी. तसं मी तक्त्यात लिहिलं होतं. सर्जननं तिला टेबलावर बसवून एकदा वाकवून पाहिला, आईनं भीतीनं मांडी दगडासारखी आवळली, त्यानं सोडून दिला. मग माझा तक्ता वाचला. म्हणाला, "तुम्ही स्वतः फिजिओ आहात, तुमच्या आकड्यांवर मी काय शंका घ्यायची?" आणि सांगितलं, की आतमध्ये चिकटलंय, आता नुसत्या व्यायामानं सुटायचं नाही. येत्या पंधरा तारखेला भूल देऊन गुडघा वाकवून घेऊ, दहा मिनिटांचं काम.

आई लगेच हो म्हणाली. मी काही बोलायच्या आत. रिक्षात बसल्यावर म्हणते, "बरं झालं. एकदाचा वाकवून टाकू दे. म्हणजे पुढच्या महिन्यात धाकटीकडे."

मागच्या भुलीनंतर काय झालं होतं ते मी तुला कळवलं नव्हतं. दोन दिवस ती भ्रमात होती. मला नर्स समजत होती, सलाइन उपटून टाकत होती. मी पलंगाशी बसून होते, तिचे हात धरून. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं, हसली आणि तुला हाक मारली. तुझं घरातलं नाव, ते लाडाचं. मी "हो" म्हटलं. हे मी का लिहितेय कोण जाणे.

वय चौऱ्याहत्तर आहे. मला ही भूल नको आहे.

बाकी ठीक.

ताई


११ मार्च

धाकटे,

हे पत्र तुला मिळेपर्यंत जे करायचं ते मी केलेलं असेल, त्यामुळे वाचून धावपळ करू नकोस. आधी आकडा सांगते. काल दुपारी चार वाजता, वीस मिनिटं शेक दिल्यावर, व्यायाम झाल्यावर, तिची टाच माझ्या हातात धरून, आईचा गुडघा एकशे एक अंश वाकला. मी तीनदा मोजला.

मी खोटं लिहिलं नव्हतं. आधी हे वाक्य लिहिलं आणि मग पाच मिनिटं त्याच्याकडे बघत बसले. एक्क्याऐंशी हा आकडा खरा होता. पंचाहत्तरही खरा, अडुसष्टही. फक्त मी ते सकाळी सहाला घेत होते. ती उठून बसायची, पाय अजून पलंगावरच, गुडघा रात्रभर सरळ राहून आखडलेला. शेक नाही, माझा हात नाही. "वाकव गं जरा," म्हणायचे, वाकेल तेवढा मोजायचा आणि लिहायचा. तीच वेळ, तीच स्थिती. तुला मोठ्या दिमाखात लिहिलं होतं ना मी. आणि तक्त्यात वेळेचा रकाना असतो, तो मी कोरा सोडत होते. हा कोरा रकाना फक्त तुला आणि मला कळतो. सर्जनलाही तो दिसला नाही.

पहिल्या वेळी खरंच मनात काही नव्हतं. क्लिनिक नऊला उघडतं, सकाळी वेळ असतो, म्हणून सकाळी. दुसऱ्यांदा लक्षात आलं. त्या दुपारी ती पलंगाच्या कडेवर बसून स्वतःच्या पायाची नखं कापत होती. पंचाहत्तर अंशांत कुणी नखं कापतं का? मी दारात उभी राहून पाहिलं, आणि आत येऊन तिच्या हातातून नेलकटर काढून घेतलं. "राहू दे, मी कापते, उगाच ताण येईल." आणि कापली. दहाही बोटांची. आणि लिफाफा बंद केला. तिसऱ्यांदा तर मी गजर लावून उठले.

तुझ्या त्या ओळीनं मला जास्त चेव आला. व्हिडिओवर जास्त दिसतो, पण माप तू घेतलंयस म्हणजे बरोबरच असणार. तुझ्या डोळ्यांना जे खरं दिसत होतं ते तू माझ्यासाठी खोटं मानलंस. मला वाटलं, चला, अजून एका बाबतीत तरी ही मला मोठी मानते. ते हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. आईही जाऊ द्यायची नव्हती.

माझ्या पोटात दुखत होतं, दुसरं काही नाही. तिनं तुझ्यासाठी केस विंचरावेत आणि माझ्यासमोर कण्हत बसावं, हे मला सोसत नव्हतं. तिचं अंग पुसणं, तिला संडासला धरून नेणं, पायमोजे चढवणं हे सगळं माझं, आणि शाब्बास म्हणणारी तू. मला वाटायचं, गुडघा थोडा उशिरा वाकला तर काय बिघडलं? ती माझा दंड धरून चालते ना, तशी अजून थोडे दिवस चालेल. काठी दिली असती तर दंड सोडला असता. काठी मी कपाटामागे ठेवली होती.

बघ, हे लिहिताना मला तुझाच आवाज ऐकू येतोय. त्यांना तुझी सवय लागते.

आज सकाळी मी सर्जनकडे एकटी गेले. त्याला दोन्ही आकडे दाखवले, वेळेसकट. त्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाला, "आपल्या आईच्या बाबतीत?" मी हो म्हटलं. त्यानं पंधरा तारीख खोडली. यापुढे त्याच्या दवाखान्यातून माझ्याकडे पेशंट येणार नाहीत, असंही सांगितलं. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

मग घरी येऊन आईला सांगितलं. साध्या शब्दांत सांगितलं, की तुझा गुडघा चांगला वाकतो, मी मुद्दाम सकाळी मोजत होते. ती गोंधळली. "मुद्दाम कशाला? मला वाटलं, तुला सकाळीच सवड असते म्हणून." ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मला आता जाता येईल?"

एवढंच विचारलं तिनं. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

ताई


१७ मार्च

तू फोन केलास. ओरडायला का होईना, तीन वर्षांनी केलास.

तू म्हणालीस ते मी लिहून ठेवलंय, विसरू नये म्हणून. "ताई, तू पेशंटांचं जे करतेस तेच आईचं केलंस. आणि आईच्या बाबतीत तर तुला पुन्हा भूल चालली असती." पहिलं खरं आहे. दुसरं खरं नाही, पण तसं म्हणायचा हक्क तुला आहे, कारण नऊ तारखेच्या पत्रात मी सगळं लिहून मुद्द्याचं तेवढं गिळलं होतं. दोन दिवस मी गप्प बसले होते.

आईला लगेच कुणाबरोबर तरी पाठव म्हणालीस. पाठवणार नाही. तुझ्यावर रागावून नाही, खरंच नाही. ती सपाट जमिनीवर काठीनं चालते, पण जिन्यावर तिची मांडी अजून थरथरते, दोन पायऱ्यांनंतर बसायला बघते. एक्कावन्न पायऱ्या म्हणजे खेळ नव्हे. मला पाच आठवडे दे. रोज दोन मापं पाठवीन, सकाळचं आणि दुपारचं, वेळ लिहून. तू व्हिडिओवरून तपास. फोन मी स्वतः तिपाईवर सरळ उभा करून देते, म्हणजे तुला जे दिसतं तेच असेल.

तीन गोष्टी कळव. तुझ्या जिन्याची पायरी किती उंच आहे ते पट्टीनं मोजून, नजरेनं नको. कठडा चढताना कोणत्या हाताला येतो. आणि मधे टेकायला जागा कुठे कुठे आहे.

ताई


२२ एप्रिल

धाकटे,

काल गाडी सुटल्यावर मी आत घरात न जाता पुढे क्लिनिकमध्येच येऊन बसले. दिवसभर सहा पेशंट होते. तीन जणांना मशीन लावलं नाही, नुसते व्यायाम करून घेतले. एकानं तोंड वाकडं केलं, "आज करंट नाही का मॅडम?" म्हटलं, आज तुमची पाळी. टपालवाल्यांना या महिन्यात बोलावलंच नाही. ते बरे आहेत. हात लावायचा मी सोडणार नाही, हे मात्र समजून अस.

आई सुखरूप पोचली, तुझा मेसेज मिळाला. "एक्कावन्न पायऱ्या, चौदा मिनिटं, दोनदा टेकली." मी तो किती वेळा वाचला ते सांगत नाही. चौदा मिनिटं तिच्या मागून तू चढलीस आणि मी नाही, या विचारानं काल पुन्हा पोटात दुखलंच. असं काही एका पत्रानं बरं होत नाही. सकाळचं माप, दुपारचं माप असं याचंही दोनदा घ्यावं लागेल.

आज सकाळी कॉफी करायला गेले. बरणी उचलली तर झाकण हातात आलं. नुसतं ठेवलेलं होतं, फिरवून लावलेलं नव्हतं. मला वाटलं विसरली. मग साखरेची बघितली, मग पिठाचा डबा, तेलाची बाटली, औषधाची बाटलीसुद्धा. घरातलं एकूण एक झाकण तिनं जायच्या आधी सैल करून ठेवलंय.

माझ्या अंगठ्यांचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. गेलं वर्षभर बरणी उघडताना डोळ्यांत पाणी येतं. ती स्वयंपाकघरात असली की "आई, हे जरा उघड गं, माझे हात ओले आहेत" असं म्हणायचे. ती उघडून द्यायची, कधी काही विचारलं नाही. मला वाटायचं, तिचं सगळं लक्ष आठ वाजताच्या फोनकडे असतं.

तुझ्या घरच्या बरण्या तुझ्या तू उघड. तुझे अंगठे शाबूत आहेत.

आता कामाचं. तिच्या बॅगेत, औषधांच्या पिशवीखाली, पाच आठवड्यांचा तक्ता आहे, शेवटचं माप सकाळी चौऱ्याण्णव, दुपारी एकशे बारा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, हे तुला मी सांगायला नको. पण ती घाई झाली की उलट करते, तेवढं बघ. काठी कठड्याच्या विरुद्ध हातात. खाली बघून पायरी मोजू देऊ नकोस, चक्कर येते.

आणि तिला वर बसवून ठेवू नकोस. कितीही म्हणाली, "राहू दे आज," तरी दिवसातून एकदा खालच्या दारापर्यंत उतरव. चढायला तिला फार शिकवावं लागलं नाही, तुझ्याकडे यायचं म्हणून ती आपली आपण चढली. पाच आठवडे मी तिला शिकवलं ते उतरायला.

तुझी ताई